मंदी बाजारात की आपल्या ऑर्डरीत?

धंद्यात चढउतार आला की आपण बाजाराला, मोसमाला नाहीतर सरकारला दोष देतो. पण पुष्कळदा हा चढउतार मालकाच्या माल मागवण्याच्या रीतीतूनच निर्माण होतो. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी हे हिशोबाने दाखवून दिले. केंटकीतील जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसत. फॉरेस्टर यांनी वहीत साठा, कामगार आणि ऑर्डरी यांचे रकाने आखले. मागणी स्थिर धरली तरी नोकऱ्या हेलकावे खातच राहिल्या! पुढे हे काम कॉम्प्युटरवर गेले आणि 1961 साली त्यांचे 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हे पुस्तक निघाले.

कॉम्प्युटरच्या अशा नमुन्यात मालक म्हणजे एक नियम असतो: साठा किती हवा, आहे किती आणि तूट पाहून मागवायचे किती. मालक तोंडाने सांगतो तो नियम येथे चालत नाही. तो प्रत्यक्षात करतो तोच लिहावा लागतो.

आता छावणीतील एखादे कापड दुकान घ्या. आठवड्याची विक्री 100 थान, दुकानात शिल्लक हवी 300, आणि मागवलेला माल मालेगावहून तिसऱ्या आठवड्यात पोचतो. समजा, विक्री 110 झाली आणि तिथेच टिकली. दुकानदार दर शनिवारी झालेली विक्री अधिक दुकानातील तूट एवढे मागवतो; वाटेवरचा माल धरत नाही. आम्ही हिशोब मांडून पाहिला. तिसऱ्या आठवड्यात ऑर्डर 140, सातव्यात 60, बाराव्यात 210 आणि पंधराव्यात शून्य! गिऱ्हाईक मात्र दर आठवड्याला 110 थानच नेत आहे.

210 च्या ऑर्डरीला माग रात्रंदिवस चालतो, शून्याला बंद पडतो. ज्या कारीगराची मजुरी मापावर आहे, त्याच्या घरची चूल या नियमावर अवलंबून असते.

आता तूट काढताना दुकानातील 300 आणि वाटेवरच्या दोन खेपांचे 220, असे एकूण 520 धरा. ऑर्डर एकदाच 140 होते आणि नंतर कायम 110 राहते.

खऱ्या बाजारात उधारी असते, सणाची गर्दी असते, गाडीही उशिरा येते. म्हणूनच व्यापारी बांधवांनी रमजानची खरेदी सुरू होण्यापूर्वी आपला नियम वहीत उतरवून तपासावा. त्यासाठी कॉम्प्युटर नसला तरी चालेल. चार रकाने आणि एक पेन्सिल पुरे.