जीवामृताचे केंद्र गावातच का हवे?

युरियाचे पोते गोदामात कोरडे राहिले, तर महिनोन्‌महिने टिकते. जीवामृताचे तसे नाही. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून ते सावलीत दोन-तीन दिवस आंबवले जाते. गूळ आणि बेसनावर पोसलेले जिवाणू या काळात झपाट्याने वाढतात. अन्न संपले की त्यांची संख्या घटू लागते. म्हणून तयार जीवामृत साधारण आठवड्याच्या आत वापरून टाकावे लागते. असा माल शहरातून ट्रकने मागवणे कामाचे नाही.

नेमकी हीच अडचण लक्षात घेऊन राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात गावपातळीवरच्या जैव-निविष्ठा केंद्रांना स्थान देण्यात आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी २,४८१ कोटी रुपयांच्या या अभियानाला मंजुरी दिली. त्यातले १,५८४ कोटी केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. १५ हजार समूह, साडेसात लाख हेक्टर जमीन आणि १ कोटी शेतकरी असे उद्दिष्ट असून त्यांच्यासाठी गरजेनुसार १० हजार केंद्रे उभी करायची आहेत. एका केंद्राला मदत एक लाख रुपयांची, तीही दोन हप्त्यांत. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा नैसर्गिक शेती करणारा शेतकरी असे केंद्र चालवू शकतो.

केंद्राचा खरा उपयोग आहे तो दावणीला जनावर नसलेल्या शेतकऱ्याला. ट्रॅक्टर आले, चारा महागला आणि अनेक गोठे रिकामे झाले. ज्याच्याकडे गाय नाही त्याला शेण-गोमूत्र गोळा करून रोज ड्रम ढवळत बसणे जमत नाही. तयार जीवामृत, बीजामृत किंवा निंबोळी अर्क जवळच मिळाला, तर एखाद्या एकरावर प्रयोग करून पाहायला तो तयार होतो.

आता यामागचे विज्ञान. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. २०० लिटर जीवामृतात ते अर्धा किलोही भरत नाही. म्हणजे जीवामृत हे खत नव्हे, विरजण आहे. विरजण चांगले असले तरी दूध लागतेच. जमिनीत सेंद्रिय पदार्थ, वर पालापाचोळ्याचे आच्छादन आणि नत्र स्थिर करणारी द्विदल पिके नसतील, तर नुसते जीवामृत ओतून पीक पोसले जाणार नाही. उत्पादनाच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असा आक्षेप राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने २०१९ मध्ये घेतला होता. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली आणि भाताचे उत्पादन कोसळल्याचे पाहिले. त्यामुळे बदल टप्प्याटप्प्यानेच करायला हवा.

आरोग्याच्या बाजूने पाहता कीटकनाशकांचा वापर घटवण्याचे कारण महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. मात्र नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज आहे. अग्निअस्त्रात तंबाखू असते आणि त्यातले निकोटीन त्वचेतूनही अंगात भिनते. फवारताना हातमोजे, तोंडाला फडके आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. ताज्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेलासारखे रोगजंतू असू शकतात. कोथिंबीर, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर काढणीच्या तोंडावर जीवामृत फवारू नये. ते जमिनीत द्यावे. भाजी घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी.

म्हणूनच केंद्रांची संख्या मोजून भागणार नाही. प्रत्येक कॅनवर बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत आणि कोणत्या पिकाला किती द्यायचे ही माहिती हवी. हंगामात ऐन गरजेच्या वेळी माल मिळायला हवा आणि हप्ते संपल्यावरही केंद्राला विक्रीवर तग धरता यायला हवी. आठवडाभरात संपवायचा माल विकणाऱ्याला रोजचे गिऱ्हाईक लागते. ते मिळाले नाही, तर अनुदानाचे ड्रम पावसाचे पाणी साठवायला उरतील.