कधी चालू होते, कधी होत नाही : जुन्या गाडीचा दोष कसा ओळखावा?



ऊस विकास खात्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. गाडीवर लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. कारण सरळ आहे. गळीत हंगामात शिवारात फिरताना आम्हाला उसाइतकेच अडलेल्या गाडीबद्दलही विचारले जाते. नायगाव, नरसी, कुंटूर या पट्ट्यात कार्ब्युरेटरची मारुती ८००, महिंद्राची जीप, टाटा सुमो अशा जुन्या गाड्या अजून दारात उभ्या आहेत. त्या पूर्ण बंद पडल्या तर निदान कळते तरी. पण 'आज चालू, उद्या बंद' हे दुखणे फार वाईट. आम्ही स्वतः यात ठेच खाल्ली आहे, म्हणून हा लेख.

आमचा अनुभव

आमच्या वापरातील जुनी डिझेल जीप सकाळी एका झटक्यात चालू व्हायची. दुपारी दोन-तीन प्लॉट पाहून आलो, की किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक्' व्हायचे. पंधरा-वीस मिनिटे थांबले की पुन्हा चालू, जणू काही झालेच नव्हते. मेकॅनिककडे नेली की तिथे हमखास चालू! पहिल्यांदा बॅटरी बदलली. आठ दिवस बरे गेले. मग सेल्फ खोलून कार्बन बदलले. पुन्हा तेच रडगाणे.

अशातच एका संध्याकाळी फडावर असताना ऊसतोड टोळीतील एक लेकरू तापाने फणफणले. बापाने त्याला उचलून जीपमध्ये आणून ठेवले, आणि किल्ली फिरवली तर 'टक्'. शेवटी एकाने मोटारसायकल काढली व त्यावरून लेकराला दवाखान्यात नेले. लेकरू बरे झाले. पण रिकाम्या जीपजवळ उभे राहिलेलो आम्ही ती संध्याकाळ विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी ठरवले, आता एकही सामान बदलायचे नाही. आधी दोष शोधायचा.

दोष निघाला तो इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत. वरून पट्टी धडधाकट दिसत होती. बोल्ट काढला तेव्हा खाली गंज, आणि निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या. बॅटरी आणि सेल्फ यांवरचा सारा खर्च फुकट गेला होता.

असे का होते?

पाइपात थोडा कचरा अडकला असेल तर बारीक धार सोडताना तो जाणवत नाही. पंप पूर्ण चालवला की दाब पडतो. विजेचेही तसेच. दिव्याला थोडा प्रवाह लागतो, म्हणून दिवे झकास लागतात. सेल्फला मात्र १५० ते २०० अँपिअर, डिझेल गाडीला त्याहूनही जास्त प्रवाह लागतो. जोडात अवघा ०.०२ ओहम अडथळा असला तरी २०० अँपिअरला ४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारातले चार गेले तर सेल्फ फिरणार कसा? त्यात उष्णतेने तांब्याचा अडथळा वाढतो व इंजिन हलले की सैल जोड कधी टेकतो, कधी सुटतो. म्हणून दोष येतो-जातो.

पहिले काम : नोंद

पिकावरचा रोग पान हिरवे असताना ओळखता येत नाही, तसा हा दोष गाडी चालू असताना सापडत नाही. गाडीत एक छोटी वही ठेवावी. गाडी अडली की लिहावे : इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता का, गाडी किती दिवस उभी होती, आवाज काय आला. चार-पाच नोंदींत दोषाची दिशा कळते. गरम असताना अडते, तर सेल्फ, जोड, कॉइल किंवा पेट्रोलची वाफ. पावसात अडते, तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण व प्लगच्या वायरी. दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर अडते, तर बॅटरी उतरते किंवा डिझेल मागे जाते.

दुसरे काम : दिव्याची परीक्षा

गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन हँडब्रेक लावावा. हेडलाइट लावून एकाने समोर उभे न राहता बाजूने पाहावे, दुसऱ्याने किल्ली फिरवावी.

१) दिवे आधीच मंद असतील तर बॅटरी उतरली आहे.

२) दिवे चांगले, पण किल्ली फिरवताच एकदम विझतात : बॅटरीचे टर्मिनल सैल वा गंजलेले.

३) दिवे बरेच मंदावतात व सेल्फ जड फिरतो : बॅटरी कमजोर किंवा सेल्फ आतून जाम.

४) दिवे जवळपास तसेच राहतात व नुसते 'टक्' होते : सेल्फपर्यंत पुरता प्रवाह जात नाही. कार्बन, सॉलेनॉइडचे पॉइंट, जाड केबल, अर्थची पट्टी पाहावी.

५) आवाजच नाही : किल्लीचा स्विच किंवा सॉलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर.

६) सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन लागत नाही : हे दुखणे विजेच्या जाड तारेचे नव्हे, त्याबद्दल पुढे.

बॅटरी आणि जोड

साधा मल्टीमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते तर भरलेली, १२.२ तर निम्मी, १२ च्या खाली तर उतरलेली. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसावेत, त्याहून कमी असतील तर अल्टरनेटर व त्याचा पट्टा पाहावा.

आता मुख्य तपासणी. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी व सेल्फ मारावा. पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. आमच्या जीपला अडलेल्या वेळी तो ४ च्या जवळ गेला आणि सगळे उघड झाले. मीटर नसेल तर जंपर केबलने बॅटरीचा ऋण खांब थेट इंजिनला जोडून पाहावा. गाडी लगेच चालू झाली तर दोष अर्थचाच. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागत असेल, तर तीही हीच खूण. प्रवाह आडवाटेने जातो आहे.

टर्मिनल कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावेत, घासून चकचकीत करावेत, आवळून वरून व्हॅसलिन लावावे.

'टक्' होते पण सेल्फ फिरत नाही, तेव्हा त्याच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकावे. फिरला तर कार्बन झिजले असे समजावे. नुसती 'घर्र' होत असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते किंवा बेंडिक्स झिजले आहे.

सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही

पेट्रोल गाडीत ठिणगी व पेट्रोल या दोनच गोष्टी आधी पाहाव्यात. प्लग काढून त्याच वायरला लावावा, अंग इंजिनला टेकवून सेल्फ मारावा. ठिणगी निळी व कडक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल पाहावे. गरम झाल्यावरच ठिणगी जात असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय धरावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओले फडके ठेवून गाडी लागली तर निदान पक्के.

डिझेल गाडी रात्रभर उभी राहिल्यावर लागत नसेल तर नळीत हवा शिरते. हातपंप मारून हवा काढावी. लागली तर फिल्टरचे वायसर, नळीचे जोड व पंपाचे व्हॉल्व्ह पाहावेत. फिल्टरमधील पाणीही काढत जावे.

हे करू नये

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून अल्टरनेटर 'तपासण्याची' जुनी सवय सोडावी. त्याने अल्टरनेटर जळतो. बॅटरीजवळ बिडी-काडी ओढू नये, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. ठिणगी पाहताना सांडलेले पेट्रोल आधी पुसावे. गाडी गिअरमध्ये असताना सेल्फला स्क्रू-ड्रायव्हर लावू नये. गाडी अंगावर येते.

सारांश इतकाच : गाडी अडते त्याच वेळी तपासा, आधी फुकटच्या तपासण्या करा, मग सामान घ्या. आमच्या जीपला शेवटी एक पट्टी आणि दोन बोल्ट लागले. वही मात्र अजून गाडीत आहे. आपणही एक ठेवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी