अर्जाला रेकॉर्डिंग जोडलं, पण खरंच जोडलं का?

ज्यांना हेडफोन लावायला सवड नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. आजचा प्रश्न साधा आहे: अर्जाला आवाजाची फाइल जोडायची कशी?

घरचीच गोष्ट सांगतो. चिखली तालुक्यात आमच्या काकांनी सोयाबीन विकलं. व्यापाऱ्यानं फोनवर एक भाव सांगितला आणि पैसे दुसऱ्याच भावानं दिले. बोलणं मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालेलं. काकांनी ते मला पाठवलं. मी ते ड्राइव्हवर टाकलं, तक्रार अर्जाच्या पीडीएफमध्ये लिंक दिली आणि निवांत झालो. पंधरा दिवसांनी कळलं की साहेबांनी लिंक दाबली, तर समोर एवढंच आलं: परवानगी नाही. तोवर काकांनी मोबाइल रिसेट करून टाकलेला.

माझी चूक कुठं झाली? मी फाइल जोडलीच नव्हती, फक्त तिचा पत्ता दिला होता. पाकिटात फोटो घालणं वेगळं आणि 'फोटो आमच्या घरी आहे, येऊन बघा' अशी चिठ्ठी घालणं वेगळं. लिंक म्हणजे ती चिठ्ठी. घराला कुलूप असलं की संपलं.

वर्डच्या फाइलमध्ये फोटो टाकला तर तो आत जाऊन बसतो, कारण डॉक्स फाइल ही मुळात झिप केलेली पिशवीच असते. गूगल डॉक्समध्ये मात्र आवाज आत बसत नाही, लिंकच द्यावी लागते. पीडीएफच्या पोटात ऑडिओ ठेवता येतो, पण मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये तो दिसतच नाही. म्हणून सरळ मार्ग बरा: एकाच ईमेलला पीडीएफ आणि ऑडिओ, दोन्ही वेगवेगळे जोडा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी होते, म्हणजे दहा मिनिटांचं बोलणं आरामात जातं.

आता पुढचा प्रश्न. प्रकरण कोर्टात गेलं तर? शेजारच्या जालन्याचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून खटला झाला. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओच्या सीडी पुरावा म्हणून आल्या, पण सोबत प्रमाणपत्र नव्हतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं: मूळ उपकरणच मालकानं कोर्टात हजर केलं तर प्रमाणपत्र नको, पण कॉपी दिली तर प्रमाणपत्र हवंच. त्या खटल्यात इतर पुरावाही होता, म्हणून निवडणूक रद्द करण्याचा निकाल टिकला. आमच्या काकांकडं तर दुसरं काहीच नव्हतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. रेकॉर्डिंगमधला एक सेकंद कापला तरी ठसा बदलतो.

म्हणून आता मी असं करतो:

१. मूळ रेकॉर्डिंग कापत नाही, पुसत नाही. मोबाइल रिसेट करण्याआधी ते तपासतो.
२. त्याच दिवशी एक कॉपी दुसरीकडं ठेवतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून, म्हणजे फाइल आहे तशीच जाते.
३. कॉपीला तारीख, गाव आणि विषय असं नाव देतो.
४. अर्जाखाली लिहितो: 'सोबत: ऑडिओ फाइल १, कालावधी ४ मिनिटे. भावाचं बोलणं २ मिनिटे १० सेकंदांवर.' तेवढं बोलणं शब्दशः लिहूनही देतो, कारण साहेब सगळं ऐकत बसतीलच असं नाही.
५. पाठवण्याआधी तो मेल मित्राला पाठवून त्याच्या मोबाइलवर उघडायला सांगतो.

काकांचे पैसे काही आले नाहीत. पण यंदा सोयाबीन विकायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, "बाप्पू, रेकॉर्डिंग कुठं ठेवू?" तुमच्याही घरात असं एखादं रेकॉर्डिंग पडलं असेल. आज रात्री त्याची एक कॉपी करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!