इंजिन खोलण्याआधी

गाडी ओढत नाही म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला: इंजिन खोला, बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवत होतो तेव्हा पोरांना मी याच्या उलट सांगायचो, आणि आता निवृत्तीनंतर साताऱ्यात दारात येणाऱ्या जुन्या बुलेटवाल्यांनाही तेच सांगतो. इंजिन सगळ्यात शेवटी. जुन्या गाडीची ताकद कमी होण्याची बरीचशी कारणं इंजिनाच्या बाहेर असतात. ती शोधायला पाना, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि शांतपणे काढलेली एक सकाळ पुरते.

मी इथे बोलतोय ते बिडाचा सिलिंडर असलेल्या जुन्या बुलेटबद्दल. १९५५पासून मद्रासला बनू लागली ती. म्हणायला साडेतीनशे, प्रत्यक्षात ३४६ सीसी. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, आणि ताकद १८ हॉर्सपॉवर. हे इंजिन फार सोशिक. पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) बिघडलेले असोत, टॅपेट आवळलेले असोत, ते चालतच राहतं. त्यामुळे ताकद एकदम जात नाही, महिनोन् महिने झिरपत जाते आणि मालकाला त्याची सवय होते. मग एखाद्या घाटात लक्षात येतं.

माझा एक जुना विद्यार्थी अशीच एक बुलेट घेऊन आला. १९९३ची, त्याच्या वडिलांची. पसरणीचा घाट पूर्वी तिसऱ्यात चढायची, आता दुसऱ्यातही धापा टाकते. "सर, बोअर सांगितलाय," तो म्हणाला. कुठल्याशा गॅरेजात गाडी नुसती चालवून बघून त्याला हे सांगितलं होतं. प्लग काढून पाहिला नव्हता की पॉइंटचं झाकण उघडलं नव्हतं. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो. बोअरचा खर्च थोडाथोडका नसतो, आणि गरज नसताना एकदा सिलिंडर कापला की तो कमी झालेला धातू काही परत येत नाही.

गाडीला हात लावण्याआधी मी मालकाला प्रश्न विचारतो. थंड असताना त्रास होतो की तापल्यावर? स्लोवर बंद पडते की रेस दिल्यावर अडखळते? अचानक झालं की हळूहळू? या गाडीचं उत्तर होतं: हळूहळू, सगळ्याच वेगांना, आणि बेंड पाइप निळा पडलाय.

मग दोन साध्या गोष्टी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवायचं. ब्रेक घासत असेल किंवा चेन फार ताणलेली असेल तर तिथेच कळतं. आणि रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एकदम रेस द्यायची. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी पुढे सरकली नाही, तर क्लच सुटतोय. या दोन्ही बाबतींत इंजिन निर्दोष असतं, तरी बिल मात्र त्याच्या नावावर फाटतं.

या गाडीत दोन्ही ठीक होतं. मग इग्निशन बंद ठेवून किकवर हळूहळू वजन टाकलं. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर किक मध्ये अडते आणि माणसाचं वजन काही क्षण पेलते. हिने पेललं. म्हणजे रिंगा आणि व्हॉल्व्ह बऱ्यापैकी शाबूत. बोअरचा विषय माझ्यापुरता तिथेच मागे पडला.

आता ॲमीटर. हेडलाइटच्या कॅस्केटवरचा हा छोटा काटा पुष्कळ जण शोभेचा समजतात. खरं तर पॉइंटची गाडी तपासायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. चावी लावा, डीकॉम्प्रेसर दाबून किक सावकाश फिरवा आणि काट्याकडे बघा. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये करंट जातो आणि काटा वजाकडे झुकतो; उघडले की शून्यावर येतो. काटा शून्यावरून हललाच नाही, तर पॉइंटवर घाण आहे किंवा वायर कुठेतरी सुटली आहे. वजाकडेच अडकून बसला, तर पॉइंट उघडतच नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. (पॉइंट मिटलेले असताना चावी उगाच चालू ठेवू नये, कॉइल तापते.)

या गाडीचा काटा वजाकडे जायचा, शून्यावर नुसता टेकायचा आणि लगेच परत. सिलिंडरच्या मागे उजव्या बाजूचं गोल झाकण काढलं. पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांच्यात ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट हवी. इथे फिलर गेजची सगळ्यात पातळ पातीही घासत जात होती. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली होती, कारण तिथे वर्षानुवर्षं ग्रीस लागलं नव्हतं. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. पिस्टन वर पोहोचण्याच्या साधारण ०.८ मिलिमीटर आधी पडायची ठिणगी मागे सरकते. मिश्रण अजून जळत असतानाच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि जी उष्णता पिस्टन ढकलायची ती बेंड पाइपात जाते. पाइप निळा, घाटात धाप, दोन्हीचं मूळ एकच.

पॉइंट नवे बसवले, सोबत कंडेन्सरही. तो खराब असेल तर पॉइंटच्या तोंडावर निळसर ठिणग्या उडतात आणि नवे पॉइंटही लवकर जळतात. टायमिंग पुन्हा लावलं, ॲडव्हान्सची वजनं मोकळी केली, टाचेला नखाच्या टोकावर मावेल इतकंच ग्रीस. पोरगा त्याच दिवशी घाट चढून पाचगणीला गेला. तिसऱ्या गिअरमध्ये.

हीच तक्रार कार्बोरेटरमुळेही येते, पण तिची लक्षणं वेगळी. गाडी दहा-पंधरा मिनिटं छान चालते, मग गुदमरते, आणि थोडं थांबलं की परत चालू होते? पुढच्या वेळी थांबल्यावर आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. एक टाचणी पुरते. स्लो टिकत नसेल तर पायलट जेट बघा. ते छिद्र इतकं बारीक असतं की टाकीतल्या गंजाचा एक कण ते बंद करतो. तार खुपसून ते मोठं करू नका, हवेच्या प्रेशरने साफ करा. आणि रेस सोडल्यावर इंजिन पटकन उतरत नसेल, तर कार्बोरेटर आणि हेड यांच्या जोडावर साबणाचं पाणी सोडून बघा. आवाज बदलला तर तिथून फुकटची हवा आत शिरतेय.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमके कॉकच्या तोंडाशी. आपल्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर फ्लोटची वाटी काढून पुसून ठेवावी. जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगलेत का, चिरलेत का, तेही बघावं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. प्लगचं टोक पांढरं दिसू लागलं तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघायला हरकत नाही. चहाच्या रंगाचा तपकिरी प्लग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. ओला, तेलकट काळा असेल तर मात्र काळजी.

टॅपेटचं काम त्या मानाने सोपं. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. पुशरॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून घेणारे लोक पुष्कळ आहेत. असा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कडेने जळतो आणि कॉम्प्रेशन खातो. थोडा टकटक आवाज राहिलेला परवडला.



एवढं करूनही किक लोण्यासारखी खाली जात असेल, तरच इंजिनाकडे वळावं, आणि तेही एका परीक्षेनंतर. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं, दोन-तीनदा फिरवायचं, पुन्हा किक दाबून बघायची. कडक झाली तर गळती रिंगांतून किंवा बोअरमधून. तशीच मऊ राहिली तर बहुधा व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, त्याला बोअर लागत नाही. बोअरच करायचा असेल तर मशीन शॉपमध्ये आपण स्वतः उभं राहावं, सिलिंडर वर, मध्ये आणि खाली तिन्ही ठिकाणी मोजून घ्यावा, नवा पिस्टन आधी त्यांच्या हातात द्यावा आणि त्याच्या मापानेच कापायला सांगावं.