पोटदुखीचे निदान

आपले निदान चुकले, ही कबुली देणे डॉक्टरला जड जाते. स्मरणिकेच्या पानावर तर अधिकच. तरीही माझी एक चूक येथे नोंदवितो, कारण ती एकट्या माझी नसावी.

२०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीनंतरची गोष्ट. बेळगुंदीतील एका शेतमजूर कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा वारंवार पोटदुखी घेऊन येई. जंताचे औषध झाले, आम्लपित्ताचे झाले. तपासण्यांत काही निघेना. अखेर ‘शाळा बुडविण्याचे निमित्त’ असे म्हणून मी त्याला परत पाठविले. पुढे त्याच्या वर्गाच्या बाई स्वतःच्या औषधासाठी आल्या असता म्हणाल्या, “डॉक्टर, आभाळ भरून आलं की त्याचं पोट दुखतं. त्या पावसात रात्री त्यांच्या घराची भिंत कोसळली. आई ढिगाऱ्याखाली सापडली होती. वाचली, पण पोर अजून भिंतीला टेकून बसत नाही.”

चार वेळा मी त्याचे पोट तपासले होते. तो कोणत्या दिवशी येतो, हे एकदाही पाहिले नव्हते.

भयाचा प्रसंग सरला तरी शरीर सावधच राहते. कॉर्टिसोल, अॅड्रिनलिन यांचा अंमल टिकून असताना पाढे लक्षात राहत नाहीत. मूल दचकते, चिडते किंवा गप्प होते. शिक्षकांना तो हूडपणा वाटतो, आपल्याला पोटदुखी. डॉ. फेलिटी व डॉ. अँडा यांनी १९९८ साली अमेरिकेत बालपणीचे आघात आणि प्रौढपणीचे हृदयविकारादी आजार यांचा संबंध दाखवून दिला. गरिबाघरी अशा आघातांवर कर्ज, व्यसन आणि स्थलांतर यांची भर पडते.

शाळा काय करू शकते, हे मराठी मुलखाने किल्लारीनंतर पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ठरल्या वेळेची घंटा, ताटातले गरम अन्न, रोजचा ओळखीचा चेहरा, हाही उपचारच असतो.

आमच्या बाईंनी त्या मुलाला दाराजवळ बसविले व घंटा वाजविण्याचे काम दिले. पोटदुखी एकदम थांबली नाही. काळोखी दाटली की तो दवाखान्यात येई. मात्र पाच मिनिटे बसून आपणहून वर्गात परते.

म्हणून सभासद बंधुभगिनींना विनंती की, प्रत्येकाने जवळची एक सरकारी शाळा निवडावी आणि महिन्यातून एक तास शिक्षकांसमवेत बसावे. व्याख्यान नको, त्यांचे ऐकावे. चारचौघांत पाणउतारा आणि छडी टाळण्यास सांगावे. मूल स्वतःला इजा करीत असेल, त्याची झोप वा अन्न तुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक शाळेत लावावा. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

सीमाभागात आणखी एक पथ्य आहे. मूल आपले भय मायबोलीतच सांगते. ‘पोटात गोळा येतो’ म्हणणाऱ्या मुलाचे बोलणे मराठी जाणणाऱ्यानेच ऐकावे.

आणि तपासणीच्या टेबलावर चढविण्यापूर्वी त्याच्या बाईंना एक दूरध्वनी करावा. मी तो केला नव्हता.