हेबियस कॉर्पस

हेबियस कॉर्पस ही विधिशास्त्रातील लॅटिन संज्ञा आहे. बेकायदा डांबून ठेवलेल्या व्यक्तीस न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश या नावाने ओळखला जातो. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात यासाठी 'देहोपस्थिती' हा शब्द योजला आहे. 'बंदी प्रत्यक्षीकरण' हा पर्यायही रूढ आहे.

शब्दार्थ

'हेबियस' हे 'जवळ असणे, बाळगणे' या अर्थाच्या लॅटिन धातूचे द्वितीय पुरुषी, एकवचनी, विध्यर्थी रूप असून 'कॉर्पस' म्हणजे शरीर. 'तू शरीर हजर ठेवावेस' असा या शब्दांचा अर्थ होतो. येथील 'तू' म्हणजे बंदिवान नव्हे, तर त्याला ताब्यात ठेवणारा. आणि 'शरीर' म्हणजे प्रत्यक्ष जिवंत व्यक्ती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या नावाने निघणारे असे आदेश लॅटिनमध्ये लिहीत. आदेशातील हे शब्दच पुढे त्याचे नाव झाले.

स्वरूप

बंदिवान दोषी की निर्दोष, हे या आदेशाने ठरत नाही. त्याला कोणत्या कायद्यान्वये अटकेत ठेवले, एवढेच न्यायालय तपासते. कायदेशीर आधार नसल्यास त्याची सुटका होते. बंदिवानाला स्वतः न्यायालयात जाणे शक्य नसते. म्हणून त्याच्या वतीने नातेवाईक किंवा मित्रही अर्ज करू शकतात. खासगी व्यक्तीने कोणास डांबून ठेवले असल्यासही हा उपाय लागू पडतो. इंग्लंडमध्ये १६७९ च्या अधिनियमाने या जुन्या उपायास बळकटी दिली.

भारतात

सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद ३२ अन्वये व उच्च न्यायालये अनुच्छेद २२६ अन्वये हा आदेश काढतात. १९७५ च्या आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांचे असे अर्ज अनेक उच्च न्यायालयांनी विचारार्थ घेतले. मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते अग्राह्य ठरवले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्यांनी विरोधी मत नोंदवले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार, अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात जबलपूर निर्णय चुकीचा ठरवण्यात आला. तसे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत.