३०२ चे ३०४ होते ते ‘सेटिंग’मुळे नव्हे

शेतावरच्या एका गड्याने दुसऱ्याचा जीव घेतला, सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली आणि अपिलात उच्च न्यायालयाने कलम ३०२ (खून) चे ३०४ (सदोष मनुष्यवध) करून शिक्षा कमी केली, की पारावरचा निकाल ठरलेलाच असतो : ‘सेटिंग झालं!’ ज्याला जामीनदार मिळताना मारामार, त्याने उच्च न्यायालयात सेटिंग केली कशाच्या जोरावर, हे मात्र कोणी सांगत नाही.

माणूस मारला म्हणजे खूनच, हा मूळ गैरसमज. कायदा खून आणि सदोष मनुष्यवध यांत फरक करतो आणि तो १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून करत आला आहे. समजा, रात्रीची लाइट आली म्हणून दोन सालगडी दारं धरायला गेले. पाणी आधी कोणत्या वाफ्याला, यावरून शिवीगाळ झाली, झोंबाझोंबी झाली आणि एकाने हातातलं खोरं दुसऱ्याच्या डोक्यात घातलं. आधी काही ठरलेलं नाही, भांडण अचानक पेटलं, रागाच्या भरात घाव बसला आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर त्या संहितेच्या, खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम ३०० चा चौथा अपवाद लागू होऊ शकतो. पहिली शिवी कोणाची, याला त्यात महत्त्व नाही. आता तोच गडी वस्तीवर गेला, कुऱ्हाड घेऊन परतला आणि खाली पडलेल्यावर पुन्हा घाव घातले असं धरा. अपवाद संपला. म्हणून न्यायाधीश खोदून पाहतात : हत्यार जागेवरचं की आणलेलं? घाव कुठे आणि किती जोराचा? जुनं वैर होतं का? पुलिचेर्ला नागराजू खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने अशा बाबींची यादीच दिली आहे.

‘एकच घाव होता, म्हणजे ३०४’ हेही तितकंच चूक. विरसा सिंग खटल्यात (१९५८) पोटात भाल्याचा एकच वार होता. तीच जखम करण्याचा हेतू होता आणि ती मृत्यू घडवायला पुरेशी होती, एवढ्यावर सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम ठेवली.

शिवाय ३०४ म्हणजे सुटका नव्हे. त्याच्या पहिल्या भागात जन्मठेपही देता येते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं १०३ आणि १०५ लागतात. आकडे बदलले, खून आणि सदोष मनुष्यवध हा फरक तोच राहिला.

बाकीच्या समजुती थोडक्यात. अपिलात साक्षीदार पुन्हा उभे राहतात? सहसा नाही, उच्च न्यायालय नोंदवलेला पुरावाच नव्याने तपासतं. अपील केलं की जामीन? आपोआप मिळत नाही, शिक्षा स्थगित करून घ्यावी लागते. साक्षीदार फितूर झाला की खटला संपला? नाही, त्याच्या साक्षीतला विश्वासार्ह भाग वापरता येतो. ‘दारूच्या नशेत होता’ हा बचाव? स्वतःहून प्यायलेल्याला तो सहसा तारत नाही. बासदेव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९५६ मध्येच सांगितलं, तरी अजून सांगावं लागतं! जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं? मुळीच नाही. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं, की जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. खुनाच्या जन्मठेपेत चौदा वर्षं ही शासनाच्या सवलतीने सुटण्याआधी किमान भोगायची मुदत आहे, हक्काची सुटका नव्हे.

राहिला सर्वांत महागात पडणारा समज : अपील पैसेवाल्यांचं काम. होसकोट खटल्यात (१९७८, महाराष्ट्रातलाच) निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील हा कैद्याचा हक्क ठरला. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाचं उत्पन्नही विचारात घेतलं जात नाही. तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं. जन्मठेपेविरुद्ध मुदत साठ दिवसांची. तेव्हा तुमच्या शेतावरच्या गड्यावर ही वेळ आली, तर त्याच्या घरच्यांना एजंटाकडे नेऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या, आणि मुदतीत न्या.